भाऊजींच्या अल्बमबद्दल लोक काय म्हणाले

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सोफे दुरुस्त करतात. जुन्या सोफ्याचं कापड सोलायचं, आतली दमलेली स्प्रिंग काढायची, नवा फोम भरायचा आणि वरून रेक्झिन ताणून ठोकायचं, हे काम ते गेली तीसेक वर्षं करताहेत. ठोकायला लागणारे बारीक खिळे, म्हणजे चुका, ते हातात न धरता ओठांत धरतात. त्यामुळे दिवसातला बराच वेळ भाऊजींच्या तोंडात चुका असतात आणि बोलायला जागा नसते. संध्याकाळी चुका डबीत जातात, पण तोवर बोलायची सवय मोडलेली असते. गिऱ्हाईक विचारतं, "कधी मिळेल?" भाऊजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हनुवटी उडवतात. गिऱ्हाईक आपलं आपण काय ते समजून घेतं आणि नेमकं चुकीच्या दिवशी येतं.

हा माणूस हार्ड रॉक बँडमध्ये गातो, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघून हसतात, मग भाऊजींकडे बघून हसतात, आणि मग हसणं आवरतात, कारण भाऊजी गंभीरपणे मान डोलवतात.

ताईने त्यांना पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्यांचे केस खांद्यापर्यंत होते. आमच्या बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून बघितलं. केस तेवढेच होते.

"काय करता?" बाबांनी विचारलं.

"सोफे शिवतो."

"बरं. आणि फावल्या वेळात?"

भाऊजींनी थोडा विचार केला. "ओरडतो."

बाबांना हे उत्तर फार आवडलं, असं ताई अजून सांगते. बाबा उठून आतल्या खोलीत गेले, एवढंच मला आठवतं. ते केस आता राहिले नाहीत. पण गाताना केस मागे टाकायला मानेला जो झटका द्यायचा असतो, तो राहिला. टक्कल पडलेल्या माणसाने तो झटका दिला की त्याच्या कानात पाणी गेलंय असं वाटतं.

बँडमध्ये चौघे. गिटार वाजवतो त्याचं औषधांचं दुकान आहे. बेस वाजवतो तो चष्मे विकतो. ड्रमवर बसतो तो बस कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं आखतो, म्हणून सगळे त्याला टाइमटेबल म्हणतात. हार्ड रॉक हे बेभान होऊन वाजवायचं संगीत आहे म्हणतात. टाइमटेबलला बेभान झालेला कुणी पाहिलेला नाही. गाणं कितीही पेटलेलं असो, तो प्रत्येक थांब्यावर थांबतो, माणसं चढली का बघतो आणि मगच पुढे निघतो.

यांची तालीम रविवारी. त्याचंही कारण आहे. आमची ताई सार्वजनिक जलतरण तलावाची व्यवस्थापक आहे आणि तलावावर सगळ्यात जास्त गर्दी रविवारी. सकाळी ती गळ्यात शिटी अडकवून निघते आणि संध्याकाळी अंगाला क्लोरीनचा वास घेऊन परत येते. लग्नापासून तिने एकही रविवार घरी काढलेला नाही. भाऊजींचं दुकान मात्र रविवारी बंद. घरात एकटा बसून माणूस करणार काय? त्यांनी मित्र गोळा केले, आणि मित्रांनी वाद्यं.

तालमीची जागा दुकानामागचं गोदाम. तिथे फोमच्या गाद्या जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या. चारी भिंतींना फोम, दाराला आतून फोम. शेजारी दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. एका रविवारी तातडीचा पेशंट आला म्हणून त्यांनी दवाखाना उघडला आणि दुसऱ्या दिवशी काळजीने भाऊजींना विचारलं, "काल तुमच्याकडे कुणी कण्हत होतं का?" पंचवीसेक वर्षांत बाहेर गेलेला आवाज तो तेवढाच. चौघांना या गोष्टीचा अभिमान होता. आपला कुणाला त्रास नाही, असं ते सांगत. हार्ड रॉक बँडने याचा अभिमान बाळगावा का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

अल्बम काढायचं खूळ औषधवाल्याचं. त्याने रेकॉर्डिंगचं यंत्र विकत आणलं, सोबतची माहितीपुस्तिका गोळ्यांच्या पाकिटातल्या चिठ्ठीसारखी बारकाईने वाचली आणि तीन महिने दर रविवारी गोदामात रेकॉर्डिंग चाललं. नऊ गाणी झाली. अल्बमचं नाव ठेवलं 'गंज'. गाण्यांना मात्र नावं द्यायची नाहीत, नुसते आकडे द्यायचे, असं औषधवाल्याने ठरवलं. नाव वाचलं की ऐकणारा आधीच मत बनवतो म्हणे. हा माणूस दिवसभर लोकांना डबीवरचं नाव नीट वाचून घ्या म्हणून बजावत असतो. मुखपृष्ठावर फाटलेल्या सोफ्यातून वर आलेली एक स्प्रिंग, मागे लाल उजेड. सोफा अर्थात भाऊजींचा.

अल्बम एका संकेतस्थळावर चढवला. तिथे कुणीही येऊन गाणी ऐकतो, खाली आपलं मत लिहितो आणि पाचपैकी तारे देतो. शिवाय नातेवाइकांसाठी आणि ज्यांचा नाइलाज आहे अशा लोकांसाठी थोड्या सीडी काढल्या.

आणि मग आमचे भाऊजी, जे आयुष्यात कुणाला "कसं वाटलं" असं विचारायला गेले नव्हते, ते सगळ्या गावाला विचारत सुटले.

पहिला नंबर आईचा. भाऊजींनी स्वतः तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर बसून राहिले. आईने नऊच्या नऊ गाणी ऐकली. मध्ये दोनदा तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "पोटातून गाता हो जावईबापू. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता."

"आवडलं का, आई?"

"तुम्ही सुखरूप बाहेर आलात ना, झालं तर मग."

चष्मेवाल्याच्या बायकोने सांगितलं की कव्हर फार सुंदर झालंय, स्प्रिंग तर अगदी खरी वाटते. ती खरीच आहे, असं भाऊजी म्हणाले. बँकेच्या मॅनेजरना सोफ्याबरोबर सीडी पोचली होती. ते म्हणाले, "वेगळं आहे." भाऊजींनी विचारलं, "कशापेक्षा?" मॅनेजरनी सोफ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "एकूणच."

मग एक दिवस मधल्या सुटीत मला शाळेत फोन आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं, भाऊजी." मी भूगोल शिकवतो. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हा फोन येणार हे कळत होतं, म्हणून मी वाक्य तयार ठेवलं होतं. "मेहनत दिसते."

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मेहनत दिसते," ते म्हणाले, "असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. सोफा वाकडा झाला की."

घरातली एकच व्यक्ती काही बोलली नव्हती, ती म्हणजे ताई. भाऊजींनी तिला विचारलं की ती म्हणायची, "मी काय वेगळं सांगणार, मी तर रोजच ऐकते." आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागायची.

संकेतस्थळावर मात्र परकी माणसं बोलायला लागली होती. एका 'काळवादळ' नावाच्या माणसाने लिहिलं, तीन नंबरचं गाणं ऐकून अंगावर काटा आला, गायक "रक्त! रक्त! रक्त!" असं किंचाळतो तेव्हा खोलीतला दिवा लावावासा वाटतो. त्याखाली आणखी आठ-दहा जणांनी हेच लिहिलं. आकड्याला कोण विचारतो, लोकांनीच त्या गाण्याचं बारसं केलं आणि नाव ठेवलं 'रक्त'.

त्या रविवारी मी एका खुर्चीचा पाय घेऊन गोदामात गेलो होतो. औषधवाला मोबाइलवरून हे अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवत होता. सगळे खूश. एकटे भाऊजी फोमच्या गठ्ठ्यावर बसून कोड्यात पडले होते.

"रक्त कुठे आहे?" ते म्हणाले.

"तीन नंबरमध्ये. तूच ओरडतोस की."

"ते रक्त नाही. फक्त."

"काय?"

"'फक्त' आहे ते. फक्त, फक्त, फक्त."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या एका गाण्याचे शब्द भाऊजींचे होते, बाकी सगळ्या गाण्यांचे औषधवाल्याचे. हे लोक ते गाणं वर्षानुवर्षं वाजवत आले होते.

"मी 'सक्त' समजत होतो," औषधवाला म्हणाला. "सक्त ताकीद दिल्यासारखं."

"मी आजपर्यंत 'तख्त'," टाइमटेबल म्हणाला. "राजाबिजाचं असेल म्हटलं."

चष्मेवाला काहीच समजत नव्हता. त्याचा समज असा की त्या जागी शब्दच नाहीत.

"आता कुणाला काही सांगायचं नाही," औषधवाल्याने निकाल दिला. "लोकांना रक्त आवडलंय तर रक्त. हार्ड रॉकमध्ये 'फक्त' कोण ओरडतं रे?"

मी विचारलं, "फक्त काय, भाऊजी?"

भाऊजींनी डबीतून चार चुका काढल्या आणि ओठांत धरल्या. ठोकायला समोर काहीही नव्हतं.

त्याच आठवड्यात 'कानकोरणं' या नावाच्या कुणीतरी मत लिहिलं. ते मला पाठ आहे, कारण पुढचा महिनाभर भाऊजींनी ते मला पाठ होईपर्यंत ऐकवलं. "चौघांनाही वाजवता येतं. गायकाचा गळा दणकट असावा, असा संशय येतो. संशयच, कारण अख्खा अल्बम रजईखाली शिरून म्हटल्यासारखा आहे. हे लोक कुणाला घाबरून गातात? दोन तारे."

भाऊजींना तारे लागले नाहीत. 'संशय' लागला. आणि 'घाबरून' त्याहून जास्त. मॅनेजरच्या दुसऱ्या सोफ्याला त्यांनी हिरव्याऐवजी निळं कापड ठोकलं आणि मॅनेजर "वेगळं आहे" म्हणाले तेव्हा कुठे त्यांना ते दिसलं. मग हे कानकोरणं कोण, याचा शोध सुरू झाला. आधी संशय दातांच्या डॉक्टरांवर आला, कारण कान नाही तरी कोरण्याचा धंदा त्यांचाच. मग मॅनेजरवर. मग माझ्यावर.

"तुझं शुद्धलेखन चांगलं आहे," भाऊजी मला म्हणाले. "त्याने लिहिलंय त्यात एकही चूक नाही."

"भाऊजी, मी भूगोल शिकवतो."

"भूगोलवाल्यांना शुद्धलेखन येत नाही?"

कानकोरणं कोण होतं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, पण मी नव्हतो, एवढं मी इथे पुन्हा सांगून ठेवतो.

एका संध्याकाळी मी ताईकडे जेवायला होतो. टोमॅटोचं सूप होतं. भाऊजींनी मोबाइल सुपाच्या वाडग्याला टेकवून उभा केला होता आणि तो अभिप्राय पुन्हा एकदा वाचत होते. ताईने पाव कापता कापता सहज म्हटलं, "खरं बोलतोय तो."

भाऊजींचा चमचा हवेत राहिला. "कोण?"

"तुमचं ते कानकोरणं. रजईखाली गायल्यासारखंच येतं. चारी बाजूंनी फोम, दाराला फोम. तिथे माणूस शिंकला तर ती शिंकसुद्धा कुणाला ऐकू येत नाही."

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"अहो, तुम्ही आंघोळीला गेलात आणि सूर लावलात की खालच्या बाई नळ बंद करून ऐकतात. शब्दबिब्द नसतात, नुसतं ना ना ना चाललेलं असतं, तरी ऐकतात. मला जिन्यात विचारतात, आज साहेबांनी आंघोळ लवकर आटोपली का म्हणून. आणि गोदामात गाता तेव्हा..." ताईने जरा शब्द शोधला. "तेव्हा कुणीतरी कपाटात अडकलंय असं वाटतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फरशीची खोली शोधत बसला असतात. आपल्याकडे फरशीची खोली एकच आहे. मग दर रविवारी दिवसभर शिट्ट्या मारून घरी यायचं आणि आधी तुमच्या औषधवाल्याला टबातून उठवायचं, हे मला जमणार नव्हतं."

मला हसू आवरेना. भाऊजी हसले नाहीत. "पंचवीस वर्षं," एवढंच म्हणाले. सूप संपवलं, वाडगा धुतला, पुसून जागेवर ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पाठमोऱ्या भाऊजींकडे बघून माझंही हसू ओसरलं. गप्प माणूस रुसला तर ओळखायचं कसं, हा एक प्रश्नच असतो, पण ताईला ओळखता आलं. स्वयंपाकघरातून ती दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा हात पुसत बाल्कनीच्या दारात आली.

"पुढच्या आठवड्यापासून तलाव बंद आहे," ती म्हणाली. "पाणी काढून फरश्या बदलायच्या आहेत. कारागीर चारला जातात. सात वाजेपर्यंत चावी माझ्याकडे असते."

भाऊजींनी मान वळवली.

"पुरुषांच्या शॉवरची खोली मोठी आहे," ताई म्हणाली. "वरपासून खालपर्यंत फरशी. मी वर विचारून ठेवलंय, दोन दिवस मिळतील. काठावर पळायचं मात्र नाही."

म्हणजे परवानगी तिने जेवणाच्या आधीच काढून ठेवली होती. सांगायला मात्र सूप संपायची वाट बघितली.

ठरल्या दिवशी चौघे सामान घेऊन तलावावर आले. वायर धरायला मी. शॉवरच्या खोलीत जायच्या आधी औषधवाला अडून बसला की रिकाम्या तलावात उतरून वाजवू या, फोटो झकास येतील. चार पोक्त माणसं ड्रम डोक्यावर घेऊन शिडीवरून एकेक पायरी उतरली. भिंतीवर पाटी होती, 'खोल भागात एकट्याने जाऊ नये'. टाइमटेबलने काठी उचलून ड्रमवर एकच ठोका मारला. तो ठोका समोरच्या भिंतीकडे गेला, तिथून आला, आडवा गेला, पुन्हा आला. टाइमटेबल पांढराफटक पडला.

"माझी आयुष्यात कुठली गाडी इतक्या वेळा परत आली नव्हती," तो म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी शिडी चढून वर गेला.

शॉवरची खोली आवाजाला बेताची निघाली. ड्रम मोरीच्या दोन जाळ्यांच्या मधोमध बसला. चष्मेवाला साबणाच्या खोबणीला टेकून उभा राहिला. औषधवाल्याने यंत्र एका कोरड्या बाकावर मांडलं. ताई दारात, हातात चाव्यांचा जुडगा, गळ्यात सवयीने शिटी. तीन नंबरचं गाणं घ्यायचं ठरलं.

वाद्यं सुरू झाली. भाऊजींनी डोळे मिटले, नसलेले केस मागे टाकले आणि पहिली ओळ फेकली. आणि गपकन थांबले. डोळे उघडून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"कोण?" ते म्हणाले.

"तुम्हीच," ताई म्हणाली. "चालू द्या."

पुन्हा सुरुवात झाली. मी आधी सांगितलं तसं मला गाण्यातलं कळत नाही. पण तो आवाज भिंतींना लागून परत आला तेव्हा मी वायर सोडून एक पाऊल मागे सरकलो. इतकी वर्षं शेजारी बसून जेवणारा माणूस आणि हा आवाज, यांचा मेळ बसेना. आणि पहिल्यांदाच सगळे शब्द ऐकू आले.

सहा दिवस ठोकतो खिळे, सहा दिवस ताणतो कातडं,
सातवा दिवस पाण्याचा, सातवा दिवस शिटीचा.
फक्त! फक्त! फक्त!
फक्त एक रविवार दे!

चष्मेवाल्याचं बोट तारेवरच राहिलं. औषधवाल्याने ताईकडे पाहिलं आणि लगेच नजर यंत्रात घातली. टाइमटेबल तेवढा शेवटच्या थांब्यापर्यंत नीट वाजवत गेला. गाणं संपलं. एक शॉवर ठिबकत होता, तो ऐकू यायला लागला.

"हे माझ्याबद्दल आहे?" ताईने विचारलं.

भाऊजींनी मोरीच्या जाळीकडे पाहत मान डोलवली.

"कधी लिहिलंत?"

"लग्नानंतर. दुसऱ्या वर्षी."

"आणि तेव्हापासून दर रविवारी हे ओरडताय? फोममध्ये तोंड घालून?"

"हो."

ताईने जुडग्यातल्या चाव्या चाळवल्या. एरवी तलावाच्या त्या टोकाला कुणी नियम मोडला तर इथून आवाज देणारी बाई, तिचा आवाज एकदम खाली आला. "अहो, घरी नुसतं म्हणाला असतात तरी चाललं असतं. हळू आवाजात."

"वहिनी, हळू आवाजात ते गाणं होत नाही," औषधवाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

औषधवाला गप्प बसला. टाइमटेबलने घड्याळ पाहिलं. "अजून एकदा घ्यायचं का? पावणेसातला सामान उचलायला हवं."

"घ्या," ताई म्हणाली. "मी बाहेर थांबते." पण ती दारातून हलली नाही. दुसऱ्या वेळी भाऊजींनी भिंतीकडे तोंड करून गायचं सोडलं आणि दाराकडे तोंड केलं. औषधवाल्याचं म्हणणं, त्यामुळे माइकला आवाज कमी मिळाला. तरी संकेतस्थळावर त्यांनी तीच दुसरी खेप चढवली.

आता कौतुकाचा पाऊस पडेल या हिशोबाने चौघे बसले होते. पडलं ते वेगळंच. सगळ्यात आधी काळवादळ खवळला. "जुन्या गाण्यातलं रक्त काढून 'फक्त' कुणाच्या सांगण्यावरून घातलंत? एका अल्बममध्येच मवाळ झालात? बाजारात विकले गेलात?" बाकीच्यांनीही री ओढली. एकाने तर लिहिलं, मूळ कविता किती थेट होती, आता तिच्यात रविवारबिविवार घुसडलाय. औषधवाल्याने खुलासा टाकला की शब्द पहिल्यापासून हेच आहेत. कुणी विश्वास ठेवला नाही. उलट आता तुम्ही खोटंही बोलायला लागलात, असं उत्तर आलं.

आईला नवं गाणं ऐकवलं. या वेळी तिने खुर्चीचा हात धरला नाही. शब्द ऐकले आणि हेडफोन काढून म्हणाली, "म्हणजे आमच्या मुलीबद्दल तक्रार होती होय? मग अशीच स्पष्ट करावी माणसाने. मी उगाच तुमच्या पोटाची काळजी करत बसले."

खालच्या बाईंनी जिन्यात ताईला थांबवून सांगितलं की गाणं चांगलं आहे, पण त्यांना बिनशब्दांचंच बरं वाटतं.

आठवडाभराने कानकोरणं आलं. भाऊजींनी मला फोन करून वाचून दाखवलं, या वेळी सावकाश. "रजई निघाली. शब्द आता कळतात. हे गाणं नसून घरगुती तक्रार आहे. पण आवाज खरा आहे. चार तारे."

"पाचवा का नाही दिला?" मी म्हणालो.

"घरगुती म्हणून," भाऊजी म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं.

ताईने तलावावरच्या आपल्या साहाय्यकाशी बोलून महिन्याचा पहिला रविवार सोडवून घेतला. ही बातमी गोदामात पोचली तेव्हा तिथे सुतक पडलं. महिन्यातून एक तालीम बुडणार. टाइमटेबलने गुरुवारची पर्यायी फेरी सुचवली, पण चष्मेवाल्याचं दुःख निराळं होतं. "गाण्यातली मागणी मान्यबिन्य होते हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आता पुढच्या अल्बममध्ये ओरडायचं कशासाठी?" औषधवाला तेव्हापासून भाऊजींच्या मागे लागला आहे की घरी आणखी काही अडचण असेल तर आठवून ठेव.

पहिल्या मोकळ्या रविवारी संध्याकाळी मी न राहवून ताईला फोन केला.

"काय केलंत दिवसभर?"

"काही नाही रे. सवयीने सहालाच उठून बसले. मग हे उठले. कुठे जायचं ते दोघांनाही सुचेना. नदीकाठाने चाललो. दुपारी बाहेर जेवलो. तिथल्या खुर्चीची शिवण उसवली होती, तर यांनी ती उलटी करून बघितली आणि वेटरला वाटलं आम्ही भांडतोय. मग घरी आलो."

"भाऊजी काही बोलले का?"

"ते कुठे बोलतात. पण पुढच्या महिन्यात टेकडीवर जाऊ म्हणाले. तिथे मोकळं असतं म्हणे."

"गायला?"

"नाही रे," ताई म्हणाली, "बसायला." आणि मग तिने घाईने फोन ठेवला, कारण जिन्यातला दिवा गेला होता आणि दुकान बंद व्हायच्या आत दोघांना नवा आणायला जायचं होतं.